नापास झालेला परीक्षक

मित्रांनो, खिडकीत ठेवलेला जुना लाकडी खोका दिसला की त्यात खिळे असणार, असे तुम्ही धरून चालता. तसा एक खोका म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याचा टवका गेला आहे, आणि पाठीवर पाखरांनी जी नक्षी केली आहे ती खरवडूनही निघत नाही. तरी माझ्या पुढच्या बाजूच्या लहानशा खणाकडे जरा आदराने बघा. एके काळी मी परीक्षक होतो. पाखरांची परीक्षा घेत होतो, आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कुणा साहेबाच्या जेवणाच्या टेबलातून एक फळी उरली होती, ती माझ्या वाट्याला आली. म्हणजे मी मोठ्या घराण्यातला आहे, हे विसरू नका. मला घडवणाऱ्या सुताराला मी बाबा म्हणतो, आणि त्यांची मुलगी नात्याने माझी ताई लागते. घरात ती दोघेच. ताई आधी शिकायला आणि मग नोकरीला दूर गेली, तेव्हापासून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "घरात आता मी आणि रंधा. दोघंही कुरकुरतो."

ताईचे काम वेगळेच होते. पाखरे कशी शिकतात, आणि शिकलेले कधी वापरायचे हे कशी ठरवतात, याचा ती अभ्यास करी. बाबांना ते काही केल्या पटत नसे. पाखरे उडतात, खातात, घाण करतात; त्यात अभ्यास कसला? एका सुट्टीत ती कारखान्यात आली आणि सांडलेल्या भुशावर बोटाने माझे चित्र काढून म्हणाली, "बाबा, असा एक खोका हवाय. पुढं छोटा खण. खणाच्या वर एक खुंटी. खुंटी उपसली की खण सुटला पाहिजे, मग कडी ओढली की बाहेर आला पाहिजे. आत दाणे ठेवायचेत."

"गिऱ्हाईक कोण?"

"साळुंक्या."

बाबांचा रंधा फळीच्या मध्यावरच थांबला. आयुष्यभर त्यांनी माणसांसाठी कपाटे केली होती आणि त्यांतले एकही कुणाला फोडता आले नव्हते, याचा त्यांना कोण अभिमान! आता पोटची पोर म्हणत होती, पाखराला उघडेल असे काहीतरी करून द्या. त्यांनी ती उरलेली फळी काढली. पण त्यांनी माझी खुंटी इतकी घट्ट बसवली, की ती उपसायला त्यांना स्वतःलाच पक्कड घ्यावी लागली. मग समाधानाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घे. चोराच्या बापालाही उघडायचा नाही."

"बाबा, मला चोरानंच उघडायला हवाय!"

तो वाद दिवेलागणीपर्यंत चालला. शेवटी बाबांनी कानस घेतली आणि चोचीने निघावी पण वाऱ्याने निघू नये, एवढी खुंटी घासून दिली. घासताना त्यांचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता.

माझी पहिली नेमणूक ताईच्या संस्थेच्या तळघरात झाली. तिथे ओळीने पिंजरे मांडले होते, दिवसभर ट्यूबलाइट गुणगुणत असे आणि खिडकी नावाला नव्हती. मला पिंजऱ्यात ठेवले की आतली साळुंकी थोडा वेळ डोके वाकडे करून बघे, मग टोचे, मग ओढे, आणि बघता बघता खुंटी बाहेर, खण बाहेर, दाणा पोटात. एकामागून एक साळुंक्या पास होऊ लागल्या. परीक्षक चांगला असला की निकालही चांगला लागतो, असे मी मनातल्या मनात म्हणे.

ताईचे साहेब, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते या निकालावर खूश होते. त्यांना तळघर मनापासून आवडे. तिथे वारा नाही, पाऊस नाही, आणि चहा वेळेवर मिळतो. ताईचे तोंड मात्र वाकडे.

"सर, इथं तिला दुसरं करायलाच काय आहे?" ती म्हणाली. "रिकामी बसलीय, उघडणार नाही तर काय करणार? बाहेर एका वेळी सतरा भानगडी असतात. भूक असते, थंडी असते, भांडखोर शेजारीण असते, वरून ससाणा टपलेला असतो. त्या सगळ्यात ती काय शिकते आणि काय ठरवते, ते बघायला हवं."

"मॅडम, शिकणं ते शिकणं. खोका तोच, चोच तीच."

"जागा तीच नाही ना, सर."

मोठ्या सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "डोंगरावर आपली एक जुनी चौकी पडून आहे. वर्षभर घ्या. वर्षानं मी स्वतः येईन. माझ्या डोळ्यांसमोर एका जरी साळुंकीनं हा खोका उघडला, तर चौकी तुमची. नाही तर तिला कुलूप, आणि तुम्ही परत इथं खाली."

ताईने वर ट्यूबलाइटकडे पाहिले आणि लगेच हो म्हणाली. तळघरात तिचा जीव घुसमटत असे, हे मला ठाऊक होते. जेवणाचा डबासुद्धा ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून खाई, कारण तिथून आभाळाचा एक तुकडा दिसत असे.

चौकी म्हणजे पत्र्याच्या छपराचे दोन खोल्यांचे घर. पुढे मोकळी जागा, तिच्या मधोमध एक सपाट दगड. एका बाजूला रानफळांच्या झाडांची दाटी, आणि दुसऱ्या बाजूला एक वठलेले उंच झाड. त्या झाडाच्या शेंड्यावर एक ससाणा, सगळे आपल्याच मालकीचे असल्यासारखा, ऐटीत बसलेला असे.

मला त्या दगडावर बसवले, खणात दाणे भरले, आणि मी छाती पुढे काढून विद्यार्थ्यांची वाट बघू लागलो. कोणीही आले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. साळुंक्या लांबच्या फांदीवर बसून माझ्याविषयी बराच वेळ चर्चा करत आणि उडून जात. आता मला कळते, की त्या डोंगरावर जी साळुंकी दिसेल त्या वस्तूला चोच लावत असेल, ती पिल्ले वाढवायला उरतच नसेल. ज्या उरल्या त्या सगळ्या घाबरटांच्या लेकी आणि नाती. त्यांचा घाबरटपणा म्हणजे घराण्याचा दागिना होता. पण तेव्हा माझ्या डोक्यात एवढेच आले, की ही सगळी शाळाच मठ्ठ आहे.

दरम्यान एक सरडा माझ्या पाठीवर ऊन खायला येऊ लागला, आणि मुंग्यांनी खणाच्या फटीतून दाणे नेले. विद्यार्थी आलेच नाहीत आणि पेपर मुंग्यांनी फोडला, अशी ती परीक्षा होती.

मग एका सकाळी एक साळुंकी आली. तिच्या डोक्यावरची पिसे झडली होती, म्हणून ताईने तिचे नाव टकली ठेवले. टकली माझ्याभोवती फिरली, पळाली, पुन्हा आली, पुन्हा पळाली. असे कितीतरी दिवस चालले. शेवटी तिने खुंटी ओढली, आणि खण सुटल्याचा आवाज होताच घाबरून अशी काही उडाली, की दाणे खायचेच राहिले. ते दाणे दुसरीने खाल्ले. ती दुसरी म्हणजे आत्याबाई.

आत्याबाईविषयी मला फार बोलायचे नाही, पण बोलतो. गोल, जाडजूड, मान ताठ. तिने माझ्या खुंटीला जन्मात कधी चोच लावली नाही. टकली खुंटी उपसे, कडी ओढे, घाम गाळे, आणि खण बाहेर आला की आत्याबाई आयत्या बिळावर नागोबा होऊन हजर. मला तिचा भयंकर राग येई. कॉपी करणाऱ्या मुलीला परीक्षक काय करतो? हात धरून बाहेर काढतो. मला हात नव्हते.

"अगं, तीसुद्धा हुशारच आहे," ताई एकदा स्वतःशीच म्हणाली. "टकली दमते, हिला आयतं मिळतं. सगळ्याच आत्याबाई झाल्या तर मात्र उपाशी मरतील." ताईचे हे बोलणे मला अजिबात आवडले नाही.

झाडांना फळे धरली तेव्हा तर सगळ्यांनीच माझ्याकडे पाठ फिरवली. तोंडाशी गोड फळ लोंबत असताना खुंट्या कोण उपसणार? फळे संपली, तशी टकली पुन्हा आली आणि मधे एक दिवसही गेला नसल्यासारखी सरळ खुंटीला भिडली. ती काही विसरली नव्हती. तिला गरज नव्हती, एवढेच.

आता ताईच्या त्या पिवळ्या रेनकोटाविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावरच येऊन ठेपते. डोंगरावर सकाळी दाट धुके उतरे आणि बाहेर बसणारा माणूस भिजून चिंब होई. म्हणून ताई एक पिवळाजर्द रेनकोट घाली आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर स्टुलावर न हलता बसे. रोज तोच कोट, तेच स्टूल, तीच जागा. पाखरे बघणाऱ्या लोकांचा हा नेमच असतो. आपण रोज एकसारखे दिसलो की पाखरांना आपली सवय होते, आणि मग आपण तिथे नसल्यासारखेच होतो, अशी त्यांची पक्की समजूत. पिवळाधमक कोट घालून मोकळ्या जागेत बसायचे आणि आपण कोणाला दिसत नाही असे समजायचे! पण तेव्हा मीही त्या समजुतीत होतो. मला वाटे, साळुंक्या बघतात ते फक्त मला.

रोज संध्याकाळी मला आत आणले की बाबांचा फोन येई. ताई फोन माझ्याशेजारी टेबलावर ठेवून बोले, त्यामुळे मलाही ऐकू येई.

"उघडला का माझा खोका?"

"उघडला, बाबा. टकलीनं."

"ऊन लागून लाकूड आकसलं असेल. म्हणून खुंटी सैल झाली."

"इथं धुकं असतं, बाबा. लाकूड फुगतं."

"मग तूच उघडून दिला असशील." आणि मग हळूच विचारत, "कंटाळा नाही का आला तिथं?"

कंटाळा ताईला नव्हे, त्यांना आला होता. रंधा कितीही कुरकुरला तरी तो ताटावर समोर बसून जेवत नाही.

वर्ष संपले. मोठे सर यायचे ठरले आणि ते येण्याच्या आदल्या दिवशी बाबाही एक मोठी रिकामी ट्रंक घेऊन येऊन थडकले. त्यांना दोन गोष्टी करायच्या होत्या. एक, पाखरू आपली खुंटी उपसते हे डोळ्यांनी बघायचे, कारण त्याशिवाय ते मानणार नव्हते. दुसरी गोष्ट त्यांनी जेवताना सांगून टाकली.

"तुझ्या खोलीला रंग दिलाय. उद्या नाही जमलं तर नाही जमलं. ते तळघरही नको आणि हा डोंगरही नको. सरळ घरी चल."

"बाबा, मी हरावं असं वाटतंय का तुम्हाला?"

बाबांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला. "मी कुठं तसं म्हटलं? मी म्हटलं, रंग दिलाय."

दुसऱ्या दिवशी ताईने इस्त्री केलेला करडा कोट घातला. पिवळ्या रेनकोटावर वर्षभराची पाखरांची घाण होती. तो साहेबांसमोर कसा घालायचा? तो दाराच्या मागे खिळ्यावर टांगून ठेवला. मोठे सर कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून धापा टाकत आले आणि म्हणाले, "आपण सगळे आत बसू. खिडकीतून बघू. पाखरांवर आपला परिणाम नको." ताईला तर हे जास्तच आवडले. ती म्हणाली, "बरोबर आहे, सर. आम्ही असलो-नसलो, त्यांना काही फरक पडत नाही."

मी दगडावर एकटा बसलो. आज माझाही मोठा दिवस होता. खण दाण्यांनी भरला होता, खुंटी पुसून चकचकीत केली होती. आणि एकही साळुंकी खाली उतरली नाही.

त्या सगळ्या समोरच्या झाडावर होत्या. टकली होती, आत्याबाई होती. टकली माझ्याकडे बघे, मग वठलेल्या झाडाकडे बघे, मग फांदीवरच पुढेमागे सरके. मी मनातून ओरडत होतो, अगं ये की, खुंटी तीच आहे, दाणे तेच आहेत! पण पालथ्या घड्यावर पाणी. ती जागची हलली नाही.

खिडकीतून मला तिघांचे चेहरे दिसत होते. मोठे सर शिंकत होते आणि मनगटावरचे घड्याळ बघत होते. ताईची मान खाली चालली होती. शेवटी न राहवून ती बाहेर आली, माझा खण उघडून दाणे आहेत ना ते बघितले, आणि त्यासरशी साळुंक्या आणखी लांबच्या झाडावर गेल्या. करडा कोट घातलेली ही कोण बाई, हे त्यांना ठाऊक नव्हते. ससाणाही शेंड्यावर तसाच बसून होता. ताई परत आत गेली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका," मोठे सर म्हणाले. "दोष तुमचा नाही. जंगली पाखरंच मठ्ठ. तळघरातल्या बघा, कशा पटापट उघडतात."

बाबा इतका वेळ मिशीत हसत होते. ताईच्या कानाशी वाकून त्यांनी म्हटलेही, "म्हटलं नव्हतं? माझी खुंटी आहे ती." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांचे हसू जागच्या जागी विझले. लहानपणी ती पडली तरी रडत नसे, असे ते नेहमी सांगत. कोणाकडेही न बघता ते म्हणाले, "मी जरा चहा ठेवतो."

चहाला पाणी हवे होते, आणि पाण्याची टाकी अंगणाच्या कडेला होती. बाहेर धुक्याचे थेंब टपटपत होते. बाबांनी दाराच्या मागे हात घातला, हाताला लागला तो कोट अंगावर चढवला, किटली उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

मित्रांनो, पुढे जे झाले ते मी हात असते तर डोळे चोळून बघितले असते. बाबा टाकीपर्यंत पोचायच्या आतच वठलेल्या झाडावरचा ससाणा पंख झटकून उडाला आणि दरीपलीकडे निघून गेला. आणि त्याच क्षणी साळुंक्यांचा सगळा थवा कलकलाट करत खाली उतरला. टकली सरळ माझ्यावर आली. खुंटी बाहेर, कडी धरली, खण बाहेर! आत्याबाई मान ताठ करून पोचलीच. बाबा हातात किटली धरून खांबासारखे उभे राहिले.

"अगं ए! ह्या माझ्या अंगावर का येतायत?" ते ओरडले. आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "अगं, हिनं उघडला! हिनं खरंच उघडला! बघितलंस का गं?"

ताई खिडकीत उड्या मारत असेल, असे मला वाटले होते. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोठे सर तिच्याकडे बोट रोखून बोलत होते. "वर्षभर काय केलंत हे, मॅडम? तुम्ही त्यांना कोटाची सवय लावलीत! पिवळं दिसलं की खायला मिळतं, एवढंच शिकल्या त्या. ह्याला काय शिकणं म्हणतात? डोंगर पोखरून उंदीर काढलात."

ताई बाहेर आली आणि वठलेल्या झाडाकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "बाबा, आत जा."

"चहा?"

"चहा राहू दे. आत जा."

बाबा आत गेले, ताईही दाराआड झाली. थोड्याच वेळात ससाणा परत शेंड्यावर येऊन बसला आणि साळुंक्या झाडावर गेल्या. ताईने बाबांना पुन्हा बाहेर पाठवले. ससाणा गेला, साळुंक्या आल्या. मग तिने बाबांच्या अंगातून कोट काढून घेतला, माझ्या खणात दाणे भरून खुंटी परत बसवली, कोट नुसताच स्टुलावर पसरून ठेवला आणि सगळ्यांना आत बसवले.

"आता खरी गंमत," ती म्हणाली. "सर, नुसती कोटाची सवय असेल तर आत्ता त्या यायलाच हव्यात."

रिकामा कोट वाऱ्यावर फडफडत राहिला. ससाणा काही फसला नाही. तो शेंड्यावर परत येऊन बसला. आत्याबाई अर्ध्या वाटेपर्यंत आली. तिने कोटाकडे पाहिले, मान वळवून शेंड्याकडे पाहिले, आणि गुमान परत फिरली. शिर सलामत तर पगडी पचास. टकली तर फांदीवरून हललीही नाही. कोट होता, पण ससाणाही होता. पिवळा कोट म्हणजे दाणे, असे त्यांनी कधी मानलेच नव्हते. कोटात माणूस असेल तर ससाणा दूर जातो, आणि तो गेला की निवांत खाता येते, असे त्या शिकल्या होत्या. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि वर्षभर समोर बसूनही कोणाला कळले नव्हते.

मोठे सर खिडकीला नाक लावून बघत होते. बराच वेळ ते शिंकलेही नाहीत. मग म्हणाले, "तो कोट जरा इकडे द्या."

कोट त्यांच्या दोन स्वेटरांवर बसेना, बटणे लागेनात, बाह्या कोपराशीच संपल्या. तरी ते तसेच बाहेर जाऊन स्टुलावर बसले. ससाण्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि निघून गेला. साळुंक्या उतरल्या. टकलीने खुंटी उपसली, घाईत दाणे उधळले, आणि आत्याबाई खाऊन झाल्यावर थेट मोठ्या सरांच्या कानटोपीवर जाऊन बसली. तिथे तिने जे केले त्याविषयी मी काही बोलत नाही. इतकेच सांगतो, की मोठे सर हलले नाहीत. ओठसुद्धा न हलवता ते हळूच पुटपुटले, "मॅडम, मग वर्षभर आपण परीक्षा घेतली तरी कशाची?"

"खोक्याची, सर," ताई दारातून म्हणाली. "खुंटी ओढणं त्यांना अवघड नव्हतंच कधी. कधी ओढायची, हे अवघड होतं."

ते ऐकून माझी सगळी ऐट उतरली. गर्वाचे घर खाली, म्हणतात ते उगीच नाही. मला वाटत होते, परीक्षा म्हणजे मी. पण साळुंक्यांच्या प्रश्नपत्रिकेत मी अगदी शेवटचा आणि सोपा प्रश्न होतो. आधीचे अवघड प्रश्न वर आभाळात होते, आणि परीक्षकाला ते दिसतच नव्हते. त्या रांगेत कोणी नापास असेल तर तो मीच होतो.

चौकी ताईची झाली. मोठे सर दोन दिवस मुक्काम ठोकून राहिले, आणि जाताना तळघरातल्या चहाची आठवणसुद्धा काढली नाही. पुढच्या वर्षी ताईला ससाणा, कोट आणि थवा यांचाच अभ्यास करायचा होता. त्यात खोक्याला काम उरले नव्हते.

निघायच्या सकाळी बाबा दारात बसून माझी खुंटी निरखत होते. ताई येऊन शेजारी बसली. "बाबा, खोलीचा रंग वाया गेला ना?"

"रंग काय, टिकतो. सुट्टीला ये म्हणजे झालं." मग त्यांनी मला मांडीवर घेतले. "तुझं काम झालंय ना ह्याच्याशी? मग ह्याला मी नेतो. घरी मी आणि रंधा दोघंच आहोत."

ती मोठी ट्रंक घेऊन ते आले होते ताईचे सामान न्यायला. परत जाताना तिच्यात मी एकटा होतो. रस्ताभर खडखड वाजत होतो.

तेव्हापासून मी बाबांच्या कारखान्याच्या या खिडकीत आहे. बाबांनी कानस काढून माझी खुंटी आणखी थोडी घासली, स्वतःहून, कोणी न सांगता. खणात ते रोज दाणे घालतात. इथे ससाणा नाही, पण शेजाऱ्यांचा एक बोका आहे, आणि तो ससाण्यापेक्षा बरा नाही. सुरुवातीला साळुंक्या येत नसत. मग बाबा बाजारात गेले आणि एक पिवळाजर्द रेनकोट घेऊन आले. लख्ख उन्हात तो घालून ते खिडकीशी स्टुलावर बसतात. गिऱ्हाइके एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. बाबा बोटाने गप्प राहायला सांगतात. कपाट लांबले तरी चालेल, पाखरू उडता कामा नये.

संध्याकाळी फोन अजून वाजतो, पण आता पहिले वाक्य बाबांचे असते. "अगं, आज उघडला! माझ्यासमोर उघडला!" ते असे सांगतात की जणू खुंटी त्यांनीच चोचीने ओढली. इथेही एक आत्याबाई आहे. तिच्याबद्दल ते तासभर बोलू शकतात. माझा तिच्यावर आता राग नाही. तिचेही काही गणित असेल.

माझी एक विनंती आहे, मित्रांनो. माझी धूळ पुसायची झाली तर ओले फडके वापरू नका, लाकूड फुगते आणि खुंटी अडकते. आणि दुसरी विनंती अशी, की तुमच्याबरोबरचा कोणी प्रश्न विचारल्यावर गप्प बसला, उत्तर येत असून हलला नाही, तर त्याला मठ्ठ म्हणायची घाई करू नका. आधी मान वर करून बघा. तुम्हाला न दिसणारा एखादा ससाणा त्याला दिसत असेल. तसे असेल तर त्याला जास्त दाणे दाखवू नका, खुंटी सैल करून देऊ नका. नुसते त्याच्याजवळ येऊन बसा. पिवळा कोट असला तर उत्तमच.